घरात कोणी न्हाय

माझी अक्का माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. मी जन्मले तेव्हा माय लोकांच्या रानात कामाला जायची आणि मला कडेवर घेऊन वस्तीभर फिरवायचं काम अक्काकडं असायचं. ती मला 'तान्ही' म्हणायची. मी चालायला लागले, शाळेत गेले, पुढं शिक्षिका झाले, तरी तिच्या लेखी तान्हीच राहिले. तिचं बोलणं मात्र दोन-तीन शब्दांच्या पुढं कधी गेलं नाही. पाचाच्या पुढं मोजता यायचं नाही. सोमवार आणि शनिवार तिला सारखेच. गाव तिला 'येडी' म्हणायचं. शिवी म्हणून नाही, नाव म्हणूनच. तिचं खरं नाव मायबाबांशिवाय कुणाला आठवत नसावं.

आमचं गाव तामलवाडीच्या अलीकडं, सडकेपासून आत. बहात्तरच्या दुष्काळात मी अकरा वर्षांची होते. आधीच्या दोन सालांत पाऊस नुसता तोंड दाखवून गेला होता. त्या वर्षी तेवढंही केलं नाही. सरकारनं गावापासून तीन मैलांवर पाझर तलावाचं काम काढलं. माय आणि बाबा दिवस उगवायच्या आत भाकरी बांधून निघायचे. वस्तीतलं प्रत्येक धडधाकट माणूस निघायचं. मागं उरायचं कोण? म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि अक्का.

पहिल्या हप्त्यात ती मायच्या मागं चालत गेली आणि वाटेत चुकली. दुपारी ती दुसऱ्याच गावच्या शिवारात सापडली. तिथल्या पोरांनी तिला दगडं मारली होती, कपाळ फुटलं होतं. त्या दिवसापासून बाबांनी ठरवलं की तिला घरातच ठेवायचं. शाळेला निघताना बाहेरून कडी घालायचं काम माझ्यावर आलं.

आमच्या दाराच्या दोन फळ्यांमध्ये बोटभर फट होती. मी कडी घालून कोयंड्यात काडी अडकवली की त्या फटीतून अक्काची बोटं बाहेर यायची. "तान्ही, मी बी." एवढंच म्हणायची. मी म्हणायचे, "आत्ता येते." आणि पळत सुटायचे. संध्याकाळी माय विचारायची, "काय केलं गं तिनं दिवसभर?" मी सांगायचे, "निजली व्हती." मी शाळेत असायचे, मला काय माहीत? पण मायच्या तोंडावर ते ऐकून जरा हुश्श उमटायचं, म्हणून मी रोज तेच सांगायचे. पुढं पुढं मलाही ते खरं वाटायला लागलं.

त्या वर्षी शाळेत सुकडी मिळायची. पिवळी, गोडसर, रवाळ. माझ्या वाट्याची सुकडी मी कागदात बांधून घरी न्यायची आणि निम्मी अक्काला द्यायची, असा मायचा दंडक होता. एक दिवस गुरुजींना तालुक्याला जायचं होतं, शाळा लवकर सुटली. उन्हाचा कहर होता. सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं. घरापाशी आले, तर आतून हाका ऐकू आल्या.

"तान्ही. तान्ही. तान्ही."

मोठ्यानं नाही. ओरडून ओरडून दमलेला माणूस जसा बोलतो, तसा आवाज होता. मधेच फळीवर काही तरी खरडल्यासारखं वाजायचं आणि पुन्हा हाक. ती निजत नव्हती. इतके दिवस ती निजत नव्हती, हे मला त्या वेळी अंगणात उभं राहूनच कळलं.

मी दार उघडलं नाही. घराच्या मागच्या भिंतीला टेकून बसले, कागद सोडला आणि सगळी सुकडी एकटीनं खाल्ली. भिंतीच्या पलीकडं ती होती. माझी चाहूल तिला लागली असावी, कारण हाका दारापासून सरकत भिंतीकडं आल्या. मी चावायची थांबले की तीही थांबायची.

त्या साली अख्ख्या गावात पाणी उरलं होतं ते आमच्या बौद्ध वस्तीजवळच्या विहिरीला. ज्या बायका एरवी आमच्या सावलीलाही यायच्या नाहीत, त्या घागरी घेऊन आमच्या दारावरून जायच्या. त्यांच्यातल्या एक काकू होत्या. मोठ्या शेतकऱ्याच्या घरच्या, तरुणपणीच विधवा झालेल्या. त्या दुपारी भरली घागर घेऊन त्या घराच्या मागच्या अंगानं आल्या आणि माझ्यासमोर थांबल्या.

"घरात कोण हाय गं?"

मी कागद मुठीत चुरगाळला. "कोणी न्हाय, काकू."

आतून हाक आली. काकूंनी घागर सावरली आणि त्या गेल्या.

दोन दिवसांनी माय अक्काला न्हाऊ घालत होती. तिनं अक्काचे हात पालथे केले. चार बोटांची नखं मुळापर्यंत फाटली होती आणि त्यांत फळीची बारीक कुसळं रुतली होती. मायनं एकेक कुसळ सुईनं काढलं. अक्का हूं की चूं करत नव्हती. सगळं झाल्यावर मायनं मला विचारलं, "निजती म्हणली व्हतीस न्हवं?"

तिनं मला मारलं नाही. मारलं असतं तर आज कदाचित हे लिहायला बसले नसते.

दुसऱ्या दिवशी माय अक्काचा हात धरून तिला कामावर घेऊन गेली. पुढचं मला मायनं आणि वस्तीतल्या बायकांनी इतक्या वेळा सांगितलंय की ते मी पाहिल्यासारखंच झालंय. मुकादमानं अक्काला बघून कपाळाला हात लावला.

"हिला कशाला आणलंस? काही झालं तर जिम्मा कुणाचा? हजेरीच्या मस्टरवर शहाण्या माणसाचं नाव चढतं, बाई."

माय म्हणाली, "मस्टर कामाचं हाय का शहाणपणाचं, सायेब?"

मागं उभ्या असलेल्या बायका हसल्या. मुकादम चिडला, पण माणूस वाईट नव्हता. आठ दिवस बघू म्हणाला. नाव नंतर.

मातीची पाटी घेऊन चढावर जायला अक्का घाबरायची. दोनदा बसलीच, उठेना. मायनं तिला खाली, पाट्या भरत होत्या तिथं उभं केलं. पुरुष माती खणून पाटीत भरायचे आणि ती पाटी उचलून बाईच्या डोक्यावर द्यायला एक माणूस लागायचा. अक्काच्या अंगात ताकद भरपूर. तिला ते काम एका दिवसात जमलं. पण ती एक गोष्ट करायची, जी तिला कुणी शिकवली नव्हती. समोर आलेल्या बाईच्या डोक्यावरची कापडाची चुंबळ आधी दोन्ही हातांनी सरळ करायची, दाबून बसवायची, आणि मगच पाटी ठेवायची. चुंबळ तिरकी असली तर कितीही घाई असो, पाटी द्यायचीच नाही. पहिल्यांदा बायका वैतागल्या. मग त्यांच्या ध्यानात आलं की संध्याकाळी मान दुखायची थांबलीय. हळूहळू अक्काच्याच हातून पाटी घ्यायला बायका रांग धरू लागल्या. आठ दिवसांनी मुकादमानं स्वतःहून मायला विचारून तिचं नाव लिहून घेतलं, खरं नाव.

शाळेला सुट्टी लागल्यावर मीही भाकरी पोचवायला कामावर जाऊ लागले. सकाळी हजेरी व्हायची. कारकून अक्काचं नाव पुकारायचा तेव्हा ती मायच्या तोंडाकडं बघायची. ते नाव आपलंच आहे, हे तिला सवयीनं कळायला वेळ लागला. एक दिवस मात्र तिनं मायकडं बघितलंच नाही. हात वर केला आणि एवढ्या मोठ्यानं "म्या हाय!" म्हणाली, की कारकुनाच्या हातातली पेन्सिल पडली. सगळे हसले. मला हसू आलं नाही. मी तोंड फिरवून उभी राहिले.

उन्हाळा चढला तसा मोठ्या घरांतला दाणागोटाही संपला. बैल चाऱ्यावाचून गेले. मग त्या घरांतल्या बायकाही डोक्यावरचा पदर पुढं ओढून कामावर यायला लागल्या. त्यांची रांग वेगळी असायची, पाणीही वेगळं. त्या काकू आल्या तो दिवस मला आठवतो, कारण मी तिथंच होते. त्यांच्या रांगेत पाटी उचलून देणारा माणूस त्या दिवशी आला नव्हता. मुकादम ओरडला, "हिकडं या, हिकडं!" काकू अक्कासमोर येऊन उभ्या राहिल्या. चुंबळ तिरकी होती.

अक्कानं हात पुढं केले. माय लांबून म्हणाली, "अगं, ऱ्हाऊ दे." कारण आमच्या हातांनी त्या घरच्या बाईच्या डोक्याला हात लावायचा, ही गोष्ट गावात कुणी बघितलेली नव्हती. अक्काला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिला तिरकी चुंबळ दिसत होती. काकूंनी मान वाकवली. अक्कानं चुंबळ सरळ केली, दाबली, पाटी ठेवली. काकू चढावर निघाल्या. जाताना त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, ह्यांना माझं ते 'कोणी न्हाय' आठवतंय. मी भाकरीचं फडकं गोळा केलं आणि घरी पळाले.

पुढच्या साली पाऊस झाला आणि कामं बंद पडली. अक्का कितीतरी दिवस सकाळी तयार होऊन अंगणात उभी राहायची. काम संपतं म्हणजे काय, हे आम्हाला तिला समजावून सांगता येत नव्हतं.

मी शिकले. डी.एड. झालं, परंड्याला नोकरी लागली, नोकरीतल्याच माणसाशी लग्न झालं. बाबा मधेच गेले. गावात दूध सोसायटी निघाली, मायनं एक म्हैस घेतली आणि ती सोसायटीची सभासद झाली. दूध पोचवायला अक्का जायची. पोचवून परत यायची नाही, तिथंच थांबून कॅन विसळायची, गाळणी धरायची. कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी हाकललंही नाही.

मग माय गेली. तिसऱ्या दिवशी पाहुण्यांत एकच विषय होता, आता हिचं काय? कुणी म्हणालं देवस्थानाच्या पायरीवर सोडा, तिथं पोटापुरतं मिळतं. कुणी शहरातल्या एका संस्थेचं सांगितलं. मी म्हणाले, माझी बहीण माझ्याकडं येईल. लोकांनी माझं कौतुक केलं.

परंड्यात आमच्या दोन खोल्या स्टँडच्या रस्त्यावर होत्या. दारातून उतरलं की थेट कुर्डुवाडीच्या गाड्या. पहिल्या चार दिवसांत अक्का दोनदा रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. मला आणि नवऱ्याला, दोघांनाही शाळा. पाचव्या दिवशी मी तिला जेवायला वाढलं, पाण्याचा तांब्या ठेवला आणि बाहेरून कडी लावली.

लावताना माझा हात थांबला नाही, हे मला सांगायलाच पाहिजे. कारण होतं ना. गाड्या होत्या, रस्ता होता. कारण तेव्हाही होतंच.

पंधरा-वीस दिवसांनी एका दुपारी मधल्या सुट्टीत मी घरी आले. दाराला कान लावला. काही ऐकू येईना. मला बरं वाटलं, निजली असेल. कडी काढली, तर अक्का उंबऱ्यापासून हातभर अंतरावर, दाराकडं तोंड करून बसली होती. जेवण तसंच. पाणी तसंच. लुगडं ओलं झालेलं, जमीन ओली. ती तिथून उठलीच नव्हती. मला बघून तिनं "तान्ही" म्हटलं नाही. काहीच म्हटलं नाही.

ती हाका मारायची थांबली होती. कधी थांबली ते मला ठाऊक नाही. त्या लहानपणच्या हाका मला आयुष्यभर छळतील असं मी धरून चालले होते. त्यापेक्षा ही शांतता फार वाईट निघाली.

शनिवारी मी तिला घेऊन गावी निघाले. बार्शीला गाडी बदलली, सोलापूरला बदलली. सबंध प्रवासात ती खिडकीच्या गजाला धरून होती. गावच्या फाट्यावर उतरल्यावर तिनं माझा हात सोडला आणि पुढं चालू लागली. घराकडं नाही, सोसायटीच्या डेअरीकडं. मी मागं. तिथं दुष्काळातल्या त्याच काकू दूध घालायला आल्या होत्या. आता केस पांढरे झालेले. बायकांमधून एक म्हणून त्यांना सोसायटीच्या कमिटीवर घेतलं होतं. अक्काला बघून त्या म्हणाल्या, "आलीस व्हय गं? कॅन बघ कसे पडलेत."

अक्का कॅनकडं गेली. काकूंनी मला ओसरीवर बसवलं. मी त्यांना परंड्याचं सगळं सांगितलं. कुणापाशी तरी बोलायचंच होतं. सांगता सांगता सुकडीचा तो दिवसही तोंडातून निघून गेला. मी म्हणाले, "काकू, तुम्ही विचारलंत, आन् म्या 'कोणी न्हाय' म्हणले."

काकू म्हणाल्या, "पोरी, मला ठाऊक व्हतं आत कोण हाय ते. म्या रोजच ऐकायची. पाण्याला येणारी परतेक बाई ऐकायची. तू कोणी न्हाय म्हणलीस आन् मला सुटल्यागत झालं. दुसऱ्याचं दार, त्यात तुमच्या वस्तीतलं, म्या कशाला उघडू? असं मनाला सांगत गेले. तू अकरा वर्साची व्हतीस. म्या तीस वर्साची बाई व्हते."

समोर अक्का राखेनं कॅन घासत होती.

काकूंनी मग असं केलं. अक्का आमच्याच घरात राहील, तिला तेच घर माहीत आहे. शेजारची मावशी रात्री सोबतीला निजेल, सकाळचं जेवण मावशीकडं, संध्याकाळचं काकूंकडं. "हितं तिला समदी वळखतेत. तिथं तिला कोण वळखतंय?" त्या म्हणाल्या. जेवणावरून त्यांच्या घरात दोन-चार दिवस धुसफूस झाली असं कानावर आलं. काकूंनी ती मला कधी कळू दिली नाही. मी दर शनिवारी यायचं, हे मीच ठरवलं.

मायचं सभासदत्व अक्काच्या नावावर करायचं, हाही काकूंचाच हट्ट. सेक्रेटरी नकार देऊन बसला. "येड्या माणसाला सभासद करता येत न्हाय. कायद्यात बसत न्हाय."

"कंच्या कायद्यात? दाव की," काकू म्हणाल्या. त्याला दाखवता आलं नाही.

शाळेच्या खोलीत कमिटीची बैठक झाली. मला वारस म्हणून बोलावलं होतं. चेअरमननी अक्काला समोर उभं केलं. मिशीला पीळ देत विचारलं, "काय गं, सोसायटीतलं काय कळतं तुला?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. काकूंनी माझा हात घट्ट दाबला. अक्का एकदा छताकडं बघे, एकदा आपल्या हातांकडं. मला वाटलं, संपलं. मग तिनं चेअरमनकडंच बोट केलं.

"ह्येचं दूध. सांजचं. पातळ."

मागं बसलेला एक म्हातारा असा हसला की त्याला ठसका लागला. रोज संध्याकाळी गाळणी धरणारी तीच. कुणाचं दूध गाळणीतून कसं पडतं, हे तिच्याएवढं कुणी बघितलं नव्हतं. चेअरमनचा चेहरा लाल झाला. ते घाईघाईनं म्हणाले, "घ्या, घ्या तिचा अंगठा. उगं येळ कशाला घालवायचा?"

अंगठा घेतला. कमिटीची निवडणूक आली तेव्हा मात्र त्यांनी तिला मत टाकू दिलं नाही. चिठ्ठी कशी वाचणार, हे कारण काढलं. गावातल्या निम्म्या सभासदांना वाचता येत नव्हतं, ते काकूंनी मोठ्यानं बोलून दाखवलं. तरीही नाहीच. पुढच्या खेपेला टाकू दिलं.

अक्का त्यानंतर सात वर्षं गावात राहिली. घराचं दार ती दिवसभर उघडं टाकायची. कुत्री शिरायची, कोंबड्या शिरायच्या, मावशी ओरडायची. ती पुन्हा मला 'तान्ही' म्हणायला लागली, पण कितीतरी महिन्यांनी, आणि पूर्वीइतकं नाही. परंड्यातल्या दिवसांबद्दल मी तिला कधी काही विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं. ती सांगू शकणार नाही असं मी धरून चालले, आणि ते माझ्या सोयीचं होतं.

एका पावसाळ्यात तिला ताप भरला. वस्तीतल्या पोरांनी बैलगाडीतून सडकेपर्यंत आणि तिथून जीपमधून दवाखान्यात नेलं. मला तार मिळून मी पोचेपर्यंत ती गेली होती. उशाशी काकू आणि मावशी दोघी होत्या. अक्का शेवटी काय म्हणाली, असं मी काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "काय न्हाय म्हणली. पाणी मागितलं, दिलं." त्यांनी काही गोड बनवून सांगितलं नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

परंड्यात आमच्या शाळेजवळ एक मुलगी होती, अक्कासारखीच. तिला दाखल करून घ्यायला हेडमास्तर तयार नव्हते. इतर पोरांचा अभ्यास बिघडेल म्हणाले. मी तीन महिने त्यांच्याशी भांडले आणि तिला माझ्या वर्गात घेतलं. पुढं आणखी दोघं आले. लोक म्हणतात, बाईंचं मन मोठं आहे. मी त्यांना काही सांगत बसत नाही. त्या मुलीच्या पहिल्या दिवशी तिची आई वर्गाबाहेर चिंचेखाली बसून राहिली होती. घरी जा, मी आहे, असं मी दोनदा सांगितलं, अक्काला 'आत्ता येते' म्हणायचे तशाच आवाजात. तिनं मान डोलावली आणि शाळा सुटेपर्यंत तिथून हलली नाही.